यादीतल्या पेन्सिलीच्या खुणा

ती घटना माझ्या एकाही स्टेशन डायरीत नोंदलेली नाही, तरी जुन्या तपासांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यांत आधी तीच डोळ्यांसमोर येते. चौतीस वर्षं खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोकं फोडून घेतलं. पण ज्या तपासाने मला खरं काही शिकवलं, तो निवृत्तीनंतर आला, शारजात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये मी सुनेसाठी गवार निवडत बसलो असताना.

खबर देणारा माझाच एक जुना फौजदार. चार वर्षं माझ्या हाताखाली होता. पुढे नोकरी सोडून दुबईला आला आणि आता सिलिकॉन ओएसिसमध्ये त्याचं ऑफिस आहे. कंपन्यांमधल्या चोऱ्या आणि अफरातफरी शोधून देण्याचं काम तो करतो. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी त्याला अजूनही फौजदार म्हणतो. तो ते प्रेमाने घेतो, मी मात्र प्रेमाने म्हणत नव्हतो.

मला त्याचा हेवा वाटायचा. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. त्याचे केस अजून काळे, माझे गुडघे गेलेले. त्याच्या ऑफिसात कॉफीचं मशीन, आणि मी इथे मुलाच्या घरात टीव्हीचा रिमोट मागून घेणार. माझा मुलगा जेवताना दोनदा तरी म्हणायचा, "बाबा, काकांनी काय सेटअप केलाय बघा." माझी नात त्याचं ऑफिस पाहून आली आणि इंग्रजीत त्याची तारीफ करत बसली. मी तिला माझी निवृत्तीची ढाल दाखवली, तर म्हणाली, "नाइस, आजोबा," आणि मोबाइल बघायला लागली.

पण खरी ठसठस जुनी होती. कोकणात आमच्या हद्दीत खाडीच्या चिखलात एक प्रेत सापडलं होतं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. अंगावर फक्त शर्ट. पंचनामा चालू असताना मी कॉलर उलटी केली आणि आतल्या बाजूला बिब्ब्याने घातलेली परटाची खूण दिसली. तेव्हा गावोगावचे परीट प्रत्येक घराच्या कपड्यांवर अशी खूण घालत. बिब्ब्याची खूण कापड फाटेपर्यंत धुऊन जात नाही. ती खूण धरून मयत कोण ते कळलं आणि तिथून आरोपीही. पण साहेबांनी पत्रकारांसमोर पुढे केलं ते या फौजदाराला. बक्षीस त्याला, फोटो त्याचा. मी कडेला टाळ्या वाजवत उभा.

तर त्याचा फोन आला त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधली एक कंपनी त्याला मोठं काम देणार होती. त्यांनी त्याचा जुना वरिष्ठ म्हणून माझं मत मेलवर मागवलं होतं. मी मोबाइलवरच उत्तर लिहिलं: काम समाधानकारक; मात्र श्रेय घेण्याची घाई होती आणि काही प्रकरणांतल्या कागदपत्रांबाबत शंका होत्या; अधिक लिहिणं उचित होणार नाही. कसल्या शंका? कसल्याही नव्हत्या. पण 'अधिक लिहिणं उचित होणार नाही' या वाक्यात किती विष असतं, हे आमच्या खात्यातल्या कुणालाही विचारा. मी ते पाठवलं, चहा प्यायलो आणि मला चांगली झोप लागली.

आणि आता त्याचाच फोन.

"सर, फ्री आहात का? एक मॅटर आहे, जरा नाजूक आहे. तुमचा सल्ला पाहिजे. मी स्वतः पिकअप करतो, यल्ला, चला, तयार राहा."

मी मनात म्हटलं, अडला वाटतं. गवारीची परात बाजूला ठेवली आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

गाडीत त्याने हकिकत सांगितली. त्याच्याच बिल्डिंगमध्ये एका तरुण युरोपियन मुलीचं ऑफिस आहे. तिची आजी तिच्याबरोबर राहते, नव्वदीला टेकलेली, ज्यू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचं एक लहानसं गाव होतं. बाजार, एक चर्च, विटांचा कारखाना, आणि बाजाराभोवती ज्यू लोकांची घरं. हिटलरची फौज आली आणि एका सकाळी त्या सगळ्या घरांतून माणसं बाहेर काढली. विटांसाठी माती काढून जो खड्डा झाला होता तिथे नेऊन सगळ्यांना गोळ्या घातल्या. म्हातारे, बायका, पोरं, सगळे. दुपारपर्यंत त्या गावात एकही ज्यू उरला नाही. फक्त ही उरली. तेव्हा पाच वर्षांची होती. गावातल्या एका ख्रिश्चन परटिणीने तिला लपवलं आणि पुढे सात वर्षं स्वतःची मुलगी म्हणून वाढवलं.

"फौजेकडे यादी होती सर. कुठलं घर, आत किती माणसं. ती यादी कुणी दिली, हा प्रश्न आहे."

"ऐंशी वर्षांनी?"

"गावाने तेव्हा पोस्टमनला धरलं होतं. त्याला सगळे पत्ते माहीत म्हणून. युद्ध संपल्यावर भर बाजारात मारून टाकला त्याला. आता त्या खड्ड्यावर दगड बसवतायत, मेलेल्यांची नावं कोरून. पोस्टमनच्या नातवाने आजींना पत्र लिहिलंय. त्या घरांतल्या तुम्ही एकट्या जिवंत आहात, माझ्या आजोबांनी ते केलं की नाही, एकदा कागदावर लिहून द्या म्हणतो. आजींनी आम्हाला विचारलं, तपास करून सांगाल का."

माझ्या मूळ गावात बेने इस्राएल लोकांची चार घरं होती. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आमच्यासारखंच मराठी बोलत, त्यांच्या बायका आमच्या आयांबरोबर पापड लाटत. गावानेच आपल्या माणसांची यादी द्यायची, हे मला पटकन समजेना. पण तपासात समजण्याची वाट पाहायची नसते, कागद आधी पाहायचा असतो.

ऑफिसात त्याने यादीची रंगीत प्रत माझ्यापुढे ठेवली. आजींच्या नातीने ती कुठल्याशा सरकारी दप्तरखान्यातून मिळवली होती. डावीकडे पेन्सिलीच्या खुणा: रेघा, गोल, फुल्या. उजवीकडे शाईने नावं आणि नावापुढे माणसांचा आकडा. शेजारी इंग्रजी अर्थ लावलेला कागद. आधी ज्यांनी ही यादी पाहिली होती त्यांचं म्हणणं, पेन्सिलीच्या खुणा खड्ड्यापाशी माणसं मोजताना केल्या असाव्यात.

मी चष्मा चढवला आणि कागद टेबलावरच्या दिव्याखाली ओढला. दोन-तीन ठिकाणी शाई पेन्सिलीवरून गेली होती. म्हणजे खुणा आधीच्या, नावं नंतरची. काही खुणांपुढे नावच नव्हतं. मोजणीच्या खुणा अशा नसतात. मोजताना माणूस एकच रेघ पुन्हा पुन्हा ओढतो, इथे एकही खूण दुसरीसारखी नव्हती. हे यादीचं पान नव्हतं, धुण्याच्या वहीचं पान होतं. परटिणीने प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण मांडली होती, आणि नंतर कुणीतरी शेजारी बसून, तिला विचारून, फक्त ज्यू घरांच्या खुणांपुढे नावं लिहिली होती.

मी फौजदाराकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. याला दिसलेलं नाही, असं माझ्या मनाने घेतलं. कॉफीचं मशीन आहे, एसी आहे, पण डोळे नाहीत. इतकं समाधान मला निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं.

"सर, आजींकडे जायच्या आधी मला जरा बोलायचं होतं," तो म्हणाला.

"आधी साक्षीदार, मग चर्चा," मी म्हटलं. हे वाक्य मी त्याला वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं.

आजींचा फ्लॅट जवळच्याच टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. दार उघडलं ते वसईच्या एका बाईने. आजींना सांभाळायला ती आठ वर्षं त्यांच्याकडे होती. मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला. "या अंकल. मॅडम सकाळपासून तयार होऊन बसल्यात. हळू बोला, आणि इंग्लिश नाही जमलं तर मी आहे."

आजी खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. लहानखुऱ्या, ताठ, केस चापून बसवलेले. मी प्रश्न मराठीत विचारत गेलो, वसईची बाई इंग्रजीत सांगत गेली, आणि आजींचं उत्तर पुन्हा मराठीत आणत गेली.

"तुमच्या घरात तेव्हा कोण कोण होतं?"

"वडील, आई, आजी, मी. आणि माझा भाऊ. सहा दिवसांचा. त्याचं नाव आठव्या दिवशी ठेवायचं होतं."

मी यादी पाहिली. त्यांच्या वडिलांच्या नावापुढे आकडा चार, आणि त्याला लागून, इंग्रजी कागदाप्रमाणे, 'पैकी एक तान्हं'.

"त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"तिच्या घरी. आदल्या दिवशी ती मला घेऊन गेली. म्हणाली, आईला बाळामुळे दमायला झालंय, हिला दोन दिवस नेते. हंसाची पिल्लं दाखवते."

"धुणं न्यायला आली होती?"

"नाही. तो वार आमच्या धुण्याचा नव्हता. तिच्याकडे टोपलीच नव्हती. मी तिला टोपलीशिवाय पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, आज टोपली नाही म्हणजे ती मला कडेवर घेईल. आणि तिने घेतलं."

फौजदार खुर्चीत हलला. "सर," तो हळूच म्हणाला. मी हाताने त्याला थांबवलं. चौकशी रंगात आली की मी कुणाला मध्ये बोलू देत नसे.

"पोस्टमनने यादी दिली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच. मी लहान असल्यापासून."

"तिला स्वतःचं मूल होतं?"

"नाही. ती आईला म्हणायची, तुला देवाने सगळं दिलं, नवरा, घर, लेक. बाळ झालं तेव्हा म्हणाली, आता मुलगाही. हसत म्हणायची. आई मग तिला काहीतरी द्यायची, पाव, जुना स्कार्फ. ते घेताना ती हसायची नाही."

"तुमच्या आईच्या घरातलं एखादं कापड आहे तुमच्याकडे?"

वसईच्या बाईने कपाटातून एका पिशवीतला लहान उशीचा अभ्रा आणला. जाड पांढरं कापड, वर्षांनी पिवळं पडलेलं. एवढीच वस्तू घरातून त्यांच्याबरोबर आली होती. तिकडे परटाची खूण धाग्याने घालत असतील, म्हणून त्याचा कोपरा मी चाचपला. धागा नव्हता, पण सुईची भोकं होती, दाट, ओळीने. कुणीतरी तिथला धागा काळजीपूर्वक उसवून काढला होता. आजी म्हणाल्या, "त्याला कसर लागलीय." मी उठलो आणि तो कोपरा खिडकीच्या उजेडासमोर धरला. बाहेर ऊन कडक होतं. भोकांतून उजेड आला आणि दोन उभ्या रेघा आणि त्यांखाली एक गोल, अशी खूण लख्ख दिसली. मी दुसऱ्या हाताने यादी वर केली. त्यांच्या वडिलांच्या नावाशेजारी पेन्सिलीने तीच खूण होती.

मग मी बोललो. सगळं बोललो, एकामागून एक, साहेबांसमोर तपास मांडावा तसं. हे परटिणीच्या वहीचं पान आहे. खुणा तिच्या. नावं तिच्या तोंडून आलेली. सहा दिवसांचं बाळ सरकारी दप्तरात नव्हतं, पोस्टमनला ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण ज्या बाईकडे दुपटी धुवायला जात होती तिला ते माहीत होतं, म्हणून बाळ यादीत मोजलेलं आहे. घरात माणसं पाच, यादीत चार. वगळलेली मुलगी एकच, आणि ती आदल्या दिवशी तिच्या घरी पोचलेली. म्हणजे दिवसही तिला माहीत होता. नंतर खूण उसवली तीही तिनेच.

आणि हे सगळं बोलताना मी कुणाकडे पाहत होतो? फौजदाराकडे. त्याचा चेहरा पडतोय का, हे मी बघत होतो. आजी कुठे बघत होत्या, मला आठवत नाही. मी पाहिलंच नाही.

वसईची बाई अर्ध्यात थांबली होती. तिने शेवटची वाक्यं इंग्रजीत सांगितलीच नाहीत. पण आजींना ती सांगावी लागली नाहीत. त्यांनी माझ्या हातातून अभ्रा घेतला आणि मांडीवर ठेवून त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

फौजदार पुढे झाला. गुडघ्यावर बसून इंग्रजीत सावकाश म्हणाला, तिला बंदुकीसमोर बसवून बोलायला लावलं असेल, आपल्याला माहीत नाही. तिने तुम्हाला वाचवलं, एवढं तरी खरं आहे. आजी जे बोलल्या ते वसईच्या बाईने मला डोळे पुसत सांगितलं.

"मॅडम म्हणतायत, एक मूल वगळता येत होतं तर बाळही वगळता आलं असतं. म्हणतायत, तिने मला वाचवलं, की मला ठेवून घेतलं?"

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"ती रोज माझे केस विंचरायची. मला ताप आला की रात्रभर बसायची. मी तिला आई म्हणायचे. तुम्ही पोलीस आहात, तुम्ही सांगा, आता मी तिला काय म्हणू?"

चौतीस वर्षांत मी हजारो प्रश्न विचारले. हा एक मला विचारला गेला. मी फक्त "सॉरी मॅडम" म्हणालो, आणि तेही उशिरा.

त्यांनी कागद आणि पेन मागितलं. वसईची बाई म्हणाली, "आज नको मॅडम, उद्या लिहू." आजींनी मान हलवली. पोस्टमनचा नातू म्हातारा झालाय, त्याला अजून थांबवायचं नाही, असं म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, यादी पोस्टमनने दिली नव्हती. लिहून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, तुमच्या देशात ज्यू होते का. मी शनिवार तेल्यांची चार घरं सांगितली. त्यांना कुणी कधी त्रास दिला नाही, हेही थोडं अभिमानाने सांगितलं.

"तुमच्या गावात कुणाला त्यांचा हेवा वाटत नव्हता?"

मी खरं उत्तर शोधलं. त्यांच्यातल्या एकाचं घर कौलारू झालं तेव्हा माझे वडील आठवडाभर चिडचिडे होते, ते आठवलं. "वाटत असणारच," मी म्हणालो.

"मग?"

"यादी मागायला कुणी आलं नाही, मॅडम. एवढंच."

त्यांनी मान हलवली, आणि वसईच्या बाईला चहा ठेवायला सांगितला.

परतताना शारजाच्या हद्दीपाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा फौजदार म्हणाला, "सर, त्या खुणा मला पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या."

"मग बोलला का नाहीस?"

"परटाची खूण तुम्हीच शिकवली, ती मी कशी चुकवीन? यादी वाचायला नव्हतं बोलावलं तुम्हाला. मेलेल्या माणसाच्या घरी बातमी द्यायला तुम्ही स्वतः जायचात, शिपाई पाठवायचा नाहीत. आधी पाणी मागायचात, बसायचात, मग बोलायचात. मला ते नाही जमत. आजींना हे कसं सांगायचं, तेवढं विचारायचं होतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. आणि तेव्हा खाडीच्या प्रेताच्या केसमधली दुसरी अर्धी गोष्ट मला आठवली, जी मी कुणाला सांगत नाही. खूण मी पाहिली होती, पण ती घेऊन तालुक्यातल्या प्रत्येक परटाच्या दारात, भर मे महिन्यात, सायकलवर हाच फिरला होता. अकरा दिवस. साहेबांनी फोटो चुकीच्या माणसाचा काढला नव्हता.

तपासाचे कागद भरताना गुन्ह्याच्या हेतूपुढे मी कितीतरी वेळा 'हेवा' असं लिहिलं आहे. भावाने भावाला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला, जावेने जावेला. ती मला आरोपींची गोष्ट वाटायची. त्या परटिणीच्या मनात काय होतं, ते मी सिद्ध करू शकत नाही, आणि कोर्टात उभं राहून सांगणारही नाही. पण एवढं मला आता कळतं की वर्षानुवर्षं ती मनात जळत होती, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. कुणीतरी वर्दीतला माणूस येऊन समोर बसेपर्यंत आणि विचारेपर्यंत. त्यानंतर फक्त बोट ठेवून सांगायचं होतं.

माझ्यासमोरही कुणीतरी येऊन बसलं होतं. एका कंपनीने साधी, सभ्य मेल पाठवून एका माणसाबद्दल विचारलं होतं, आणि मी बोट ठेवून सांगितलं होतं.

घरी आलो, सुनेने जेवायला वाढू का विचारलं, मी थांब म्हटलं. पाठवलेली मेल परत घेता येत नाही. दुसरी लिहायला बसलो. पहिल्या पत्रातली शंका खोटी आहे, ती माझ्या मनातल्या हेव्यातून आली, या माणसाच्या कागदपत्रांत मला कधीही खोट सापडली नाही, आणि माझ्या नावावरच्या एका तपासाचं निम्मं काम त्याचं आहे, असं नाव आणि हुद्दा घालून लिहिलं. पहिलं पत्र लिहायला मला चार मिनिटं लागली होती. हे संध्याकाळपर्यंत चाललं. त्याची एक प्रत त्यालाही पाठवली.

त्याने त्यावर काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी फोन आला. "सर, आजींनी बोलावलंय. मंगळवारी. येता?"

"मी? कशाला?"

"त्यांना त्या बाईबद्दल बोलायचंय म्हणे. चांगलं-वाईट सगळं. ऐकायला कुणीतरी पाहिजे."

मंगळवारी मी गेलो. आत शिरल्यावर आधी पाणी मागितलं आणि गप्प बसून राहिलो. आजींनी अभ्रा पुन्हा बाहेर काढला होता. कोपऱ्यावर वसईच्या बाईने त्याच भोकांतून लाल धागा ओवून दिला होता, दोन उभ्या रेघा आणि खाली गोल.